माणूस दिलदार आहे, पण

“माणूस जरा तसला आहे, पण दिलदार.” बीड जिल्ह्यात हे वाक्य ऐकल्याशिवाय कुणी मोठं होत नाही. आमच्या सिरसाळ्यात तर ते चहाबरोबर मिळतं. माझं भांडण त्यातल्या ‘पण’शी आहे.

हा ‘पण’ आपलाच आहे असंही नाही. इराणच्या शहरांत गल्लीतल्या दादांना ‘लूती’ म्हणत. ते जोरखान्यात अंग कमवायचे, मोहल्ल्याच्या अब्रूचे राखणदार म्हणवायचे, मोहरमच्या मिरवणुकीत पुढे असायचे आणि वसुलीही करायचे. या सगळ्यावर पांघरूण होतं ‘जवानमर्दी’चं.

कौतुकवाले लगेच सत्तार खानचं नाव काढतात. तबरीझचा हा घोड्यांचा व्यापारी १९०८ साली शहाच्या फौजेपुढे अमीरखीझ मोहल्ला लढवत राहिला. मोठाच माणूस. पण तो लढला संसदेसाठी, आणि १९१० साली तेहरानात त्याच घटनात्मक सरकारला त्याच्या माणसांच्या बंदुका काढून घ्याव्या लागल्या. त्या चकमकीत त्याच्या पायाला गोळी लागली. उत्तमातला उत्तम लूतीसुद्धा कायद्याच्या राज्यात मावला नाही.

बाकीच्यांचं विचारूच नका. शाबान जाफरीला लोक ‘बिनडोक’ म्हणत. १९५३ साली पंतप्रधान मोसद्देक यांच्या विरोधातल्या जमावात तो होता. नंतर त्याला तेहरानात टोलेजंग जोरखाना मिळाला. मंडईचा दादा तय्यब हाज रझाई तेव्हा शहाच्याच बाजूचा. १९६३ च्या दंगलीनंतर शहाच्या राजवटीनं त्यालाच गोळ्या घालून मारलं. छाती यांची, सुपारी दुसऱ्याची.

आता आपल्याकडे या. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ ला अपहरण झालं आणि त्यांचा खून झाला. तपास यंत्रणेचं म्हणणं असं की पवनचक्की कंपनीकडे २ कोटींची खंडणी मागितली होती, आणि गावातल्या वॉचमनला मारहाण झाल्यावर देशमुख मध्ये पडले. दोषी कोण, ते न्यायालय ठरवेल. मला दिसतं ते एवढंच: गावच्या माणसासाठी मध्ये पडणारा हा गडी दादा नव्हता. निवडून आलेला सरपंच होता. जवानमर्दी म्हणायचीच असेल तर ती इथं होती, आणि तिच्या मागे टोळी नव्हती.

दिलदारीचा पैसा येतो कुठून, हे कुणी विचारत नाही. परळीची राख, गोदावरीची वाळू, रस्त्याची टेंडरं. प्रत्येक गाडीमागे कुणाचा तरी वाटा असतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यातलेच चार पैसे लग्नाला, दवाखान्याला परत येतात आणि आपण हात जोडतो. माझ्या धंद्यात अख्ख्या सिस्टीमचा पासवर्ड एकाच माणसाच्या खिशात असेल आणि तो मेहेरबानी म्हणून एकेकाला आत सोडत असेल, तर त्याला दिलदार म्हणत नाहीत. पासवर्ड बदलतात.

माझे चुलते चिडतात. “पुण्यात बसून बोलायला काय जातंय लेका? रात्री दोनला भाऊनंच गाडी धाडली व्हती.”

मी म्हटलं, काका, १०८ ची गाडी २०१४ पासून फुकट येते. फोन लावून पाहिला होता का?

काका जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “लावला असता. पण भाऊला वाईट वाटलं असतं.”