चूक कुणाची ते नंतर, आधी टेबल बघा!

३१ जानेवारी २०२१. पल्स पोलिओचा रविवार. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, एका गावातल्या पाच वर्षांखालच्या बारा मुलांना पोलिओच्या डोसऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. सुदैवाने सगळी वाचली. बातमी देशभर गाजली, तिघा आरोग्य कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली, आणि "काय हा निष्काळजीपणा!" म्हणून आपण सगळ्यांनी पान उलटलं.

मित्रांनो, मला त्या उलटलेल्या पानाबद्दल बोलायचं आहे. कारण "कुणी केलं?" या प्रश्नाचं उत्तर मिळालं की आपल्याकडे फाईल बंद होते. "असं होऊच कसं शकलं?" हा खरा इंजिनिअरिंगचा प्रश्न, आणि तो विचारायला कुणालाच वेळ नसतो. त्याआधीच्या मोहिमांत पोलिओ बूथच्या टेबलावर सॅनिटायझर असायचं काही कारणच नव्हतं. कोरोनाने ते प्रत्येक टेबलावर आणून ठेवलं. पाजायचं औषध आणि हाताला चोळायचं औषध एकाच माणसाच्या हाताशी, समोर रडणारी पोरं, मागे रांग! कधी ना कधी अदलाबदल होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. माणूस निलंबित केल्याने पेशंट सुरक्षित होत नाही. चूक करणंच अवघड होईल अशी व्यवस्था बसवली, तर होतो.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं तत्त्वज्ञान नाही. मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनवाल्यांनी 'पोका-योके' हा शब्द परीक्षेपुरता का होईना पाठ केलेला असतो. जपानच्या शिगेओ शिंगो यांनी १९६१ मध्ये एका कारखान्यात पाहिलं, की छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या असतात आणि कामगार एखादी विसरतात. त्यांनी कामगारांना झापलं नाही. आधी दोन स्प्रिंगा एका बशीत काढून ठेवा आणि मग जोडणी करा, एवढंच सांगितलं. बशीत स्प्रिंग उरली की चूक तिथल्या तिथे दिसते. खर्च किती? एक बशी!

आता कुणी म्हणेल, कारखाना वेगळा आणि दवाखाना वेगळा. पण आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा 'बशा' आधीपासूनच आहेत. पोलिओ लसीच्या बाटलीवर एक गोल आणि त्यात एक चौकोन छापलेला असतो. लसीला जास्त उष्णता लागली की तो चौकोन गडद होत जातो. बाहेरच्या गोलाइतका गडद झाला, की ती बाटली वापरायची नाही. ना लॅब, ना मीटर, ना इंग्रजी. आशाताई नुसतं बघून ठरवू शकते. दुसरं उदाहरण ऑटो-डिसेबल सिरिंजचं. एकदा टोचली की दट्ट्या लॉक होतो, परत ओढताच येत नाही. 'सुई पुन्हा वापरू नका' असा बोर्ड भिंतीवर लावण्यापेक्षा हे किती पक्कं!

ही सिरिंज काय वाचवते ते बघायचं असेल तर फेब्रुवारी २०१८ आठवा. उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात, बांगरमऊ भागात चाळीसहून अधिक लोकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं. एकच सुई अनेकांना टोचल्याच्या आरोपावरून एका भोंदू डॉक्टरवर गुन्हा दाखल झाला. असल्या माणसाला शिक्षा व्हायलाच हवी, त्यावर वादच नाही. दारू पिऊन ड्यूटीवर येणारा, पैशासाठी जिवाशी खेळणारा आणि दमलेल्या हातून एकदा बाटली चुकलेली सेविका, हे तिघे एकाच तराजूत घालू नका, एवढंच माझं म्हणणं.

शिक्षेची भीती असली की चुका थांबत नाहीत, लपतात. अमेरिकेत १९७६ पासून नासा एक योजना चालवते. पायलटने किंवा विमान क्षेत्रातल्या कुणीही घडलेली किंवा थोडक्यात टळलेली चूक कळवायची, आणि त्याचं नाव गुप्त राहतं. आकाशातला प्रवास सुरक्षित होण्यात अशा सवयींचा मोठा वाटा आहे. आपल्या आरोग्य केंद्रात 'आज थोडक्यात टळलं' अशी बिननावाची एक वही ठेवायला काय हरकत आहे?

आणि चुका मोठ्या हॉस्पिटलातच होतात असं समजू नका. प्राथमिक आणि बाह्यरुग्ण सेवेत जगभरात दहापैकी चार पेशंटना काही ना काही इजा पोहोचते आणि त्यातली ८० टक्क्यांपर्यंत टाळता येण्यासारखी असते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे सपाट भागात ३०,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं असा नियम आहे. एवढ्या लोकांची ओपीडी दुपारपर्यंत उरकायची म्हटल्यावर एकेका पेशंटला किती मिनिटं मिळतील, गणित तुम्हीच करा.

माझी आजी गावच्या सरकारी दवाखान्यातून बीपीची आणि शुगरची गोळी आणते. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींच्या पट्टीवर नाव इंग्रजीत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले म्हणून मला ते वाचता येतं. आजी मराठी चौथी पास. तिने स्वतःच युक्ती काढली. शुगरच्या गोळ्या साखरेच्या जुन्या डब्यात आणि बीपीच्या कुंकवाच्या करंड्यात. याला म्हणतात अस्सल गावठी पोका-योके! पण एका महिन्यात दुसऱ्या कंपनीची पट्टी आली. आकार बदलला आणि दोन्ही गोळ्या उलटसुलट डब्यांत गेल्या. शुगरची दोनदा, बीपीची एकदा घ्यायची, तिथे बीपीचीच दोनदा सुरू झाली. दोन दिवस तिला चक्कर येत होती. ती परसात पडली असती तर? आम्ही सगळ्यांनी "आजीचं वय झालं" म्हटलं असतं, पट्टीला कुणी दोष दिला नसता.

म्हणून आता आपल्या कॉलेजबद्दल. दरवर्षी फायनल इयरला तीच लाइन फॉलोअर कार, तेच लायब्ररी मॅनेजमेंट. रिपोर्ट सीनियरचा, कव्हर आपलं! त्याऐवजी हे बघा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी साध्या बीपी मशीन तपासून त्यांचं कॅलिब्रेशन करून द्यावं. मेकॅनिकलवाल्यांनी लसीकरणाच्या टेबलासाठी कप्प्यांचा ट्रे बनवावा, ज्यात लसीच्या कप्प्यात लसीचीच बाटली बसेल, दुसरी बसणारच नाही. कॉम्प्युटरवाल्यांनी गोळ्यांच्या पाकिटासाठी मराठी लेबल छापायचं सॉफ्टवेअर करावं. सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र, आणि बीपीला एक रंग, शुगरला दुसरा. यातल्या कशालाच रॉकेट सायन्स लागत नाही.

मात्र एक अट आहे. आधी तिथे जाऊन बसायचं. एनएसएसच्या सात दिवसांच्या कॅम्पमध्ये आपण खड्डे खणतो, झाडं लावतो, फोटो काढतो. त्यातला एक दिवस मेडिकल ऑफिसरांची परवानगी घेऊन ओपीडीच्या कोपऱ्यात बसा आणि सिस्टरना विचारा, "ताई, तुमच्या हातून काय चुकेल याची तुम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटते?" ट्रे कसा हवा, लेबलवर काय हवं, हे त्या आपल्या सरांपेक्षा नेमकं सांगतील. त्यांना आजवर हे कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

याच सेविकांनी आणि आशाताईंनी दारोदार फिरून देशातून पोलिओ घालवला. २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने तसं प्रमाणपत्र दिलं. त्यांच्या हातून कधीच चूक होऊ नये अशी अपेक्षा करणं सोपं आहे. त्यांचं टेबल नीट लावून देणं हे काम आहे, आणि ते आपलं आहे.

– तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन