थांबणाऱ्याचे मोल किती?

सैन्यातून चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या जवानाची किंमत सरकारने ठरवून दिली आहे. थांबणाऱ्याची मात्र ठरलेली नाही. 14 जून 2022 रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हापासून राजधानीतील सारी चर्चा बाहेर पडणाऱ्या 75 टक्क्यांभोवती फिरत राहिली. सेवानिधी, निमलष्करी दलांतील राखीव जागा, राज्य सरकारांची आश्वासने यांवर संसदेत बरेच वादंग झाले. जे जास्तीत जास्त 25 टक्के नियमित सेवेत घेतले जाणार, त्यांच्याविषयी फारसे कोणी बोलले नाही. वास्तविक पुढची किमान 15 वर्षे पलटण सांभाळायची आहे ती त्यांनी.

योजनेतील हिशेब बोलका आहे. अग्निवीराचे मासिक वेतन पहिल्या वर्षी 30 हजार, चौथ्या वर्षी 40 हजार रुपये. त्यातील 30 टक्के कापले जातात आणि तेवढीच भर सरकार घालते. चार वर्षांत दोन्ही बाजूंचे प्रत्येकी 5 लाख 2 हजार रुपये साठतात व व्याजासह सुमारे 11 लाख 71 हजार रुपये करमुक्त मिळतात. पण हे निघून जाणाऱ्याला. जो गुणवत्तेवर निवडला जाऊन थांबतो, त्याला फक्त स्वतःचा वाटा आणि त्यावरील व्याज मिळते. सरकारचा वाटा त्याला मिळत नाही.

अमेरिकेत रीत नेमकी उलट. तेथे करार संपत आलेल्या कुशल सैनिकाने पुन्हा सही करावी म्हणून रोख रक्कम देतात. इराक युद्धाच्या ऐन भरात, 2005 मध्ये, विशेष दलांतील अनुभवी सैनिकांसाठी ती दीड लाख डॉलरपर्यंत गेली होती. तेथे सक्तीची भरती नाही आणि इच्छुकही पुरेसे नाहीत, हे खरे. आपल्याकडे भरतीच्या मैदानावर रांगा लागतात, मग पैसे कशाला, असा अर्थ खात्याचा युक्तिवाद असू शकतो. शिवाय थांबणाऱ्याला निवृत्तिवेतन आहेच. मात्र रांग नवशिक्यांची असते. रडार, रणगाडा किंवा संदेशवहन यंत्रणा हाताळण्यात चार वर्षे मुरलेला तंत्रज्ञ त्या रांगेत सापडत नाही, आणि गुरुग्राम-नोएडाच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक आहे. निदान सरकारचा वाटा रद्द न करता, नियमित सेवेची पाच वर्षे पूर्ण झाल्यावर त्याच्या हाती द्यावा. यात नवी तिजोरी उघडावी लागत नाही.

पैशाहून मोठे आमिष खांद्यावरच्या ताऱ्यांचे असते. जवानाला अधिकारी करणारे आर्मी कॅडेट कॉलेज मराठी माणसाला परके नाही. 1977 मध्ये डेहराडूनला जाण्यापूर्वी ते पुण्यात होते. आज ते भारतीय लष्करी अकादमीचा भाग आहे. तेथे तीन वर्षे शिकून जवान दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी घेतो आणि अकादमीतील आणखी एका वर्षानंतर लेफ्टनंट होतो. लष्कराला वर्षानुवर्षे काही हजार अधिकारी कमी पडत असताना हा दरवाजा अरुंदच राहिला, हे नवलच म्हणायचे.

तेथे प्रवेशासाठी बारावी, किमान दोन वर्षांची सेवा आणि 20 ते 27 हे वय लागते. सतराव्या-अठराव्या वर्षी दाखल झालेला सातारा-कोल्हापूरचा मुलगा चार वर्षांनी नेमका या वयात असतो. दहावी उत्तीर्ण अग्निवीरांना बारावीचे प्रमाणपत्र मिळावे म्हणून नोएडातील राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत 2022 मध्येच कार्यक्रम जाहीर झाला. त्याकडे बाहेरच्या नोकरीची शिदोरी म्हणून पाहिले गेले, अधिकारीपदाची पायरी म्हणून नव्हे. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून भरतात. निवडीच्या यादीबरोबरच कॅडेट कॉलेजच्या वाढीव जागा आणि त्यांच्या अटीही जाहीर झाल्या, तर थांबायचे कशासाठी, हे त्या मुलाला सही करण्यापूर्वी कळेल.