दिव्यांग प्रमाणपत्र नाकारले? ‘निदान बाकी’ म्हणजे दार बंद नव्हे

नागपूर : मूल उशिरा चालते, बोलत नाही. मेयो-मेडिकलमध्ये तपासण्या सुरू आहेत, पण पक्के निदान नाही आणि प्रमाणपत्राचा अर्ज नामंजूर झाला. मग पुढे काय?

नकार लेखी घ्या : दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ५८ नुसार तो लेखी कळवणे बंधनकारक आहे. कलम ५९ नुसार त्याविरुद्ध अपील करता येते.

मुद्दा कोणता मांडाल? : पाच वर्षांखालील मुलाला ‘सर्वांगीण विकास विलंब’ या नोंदीवर तात्पुरते प्रमाणपत्र मिळू शकते. त्यामुळे विकास मूल्यमापनाचा अहवाल, थेरपीच्या नोंदी अपिलाला जोडा.

टक्केवारी पाहा : संजय गांधी निराधार योजनेसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. प्रमाणपत्र लांबले, की मदतही लांबते.