आधी वाट, मग धक्का

सारसोळे गाव आणि सारसोळ्याची खाडी यांच्यामध्ये आज एक रस्ता आहे. वाशीहून बेलापूरकडे जाणारा, सुमारे दहा किलोमीटर लांबीचा, सहा पदरी पामबीच मार्ग. नवी मुंबईच्या वैभवाचे छायाचित्र काढावयाचे झाले तर छायाचित्रकार आधी येथेच येतो. एका बाजूस उंच इमारती, दुसऱ्या बाजूस खारफुटीची हिरवी किनार आणि मधून सुसाट धावणाऱ्या मोटारी. त्या छायाचित्रात एक गोष्ट सहसा उमटत नाही. गावातील आगरी-कोळी बांधवांची घरे रस्त्याच्या अलीकडे आहेत आणि त्यांच्या होड्या पलीकडे. पहाटे खांद्यावर जाळे टाकून निघालेल्या माणसाला आपल्या पिढीजात बंदरावर पोहोचण्यासाठी मोटारींच्या मेहेरबानीची वाट पाहावी लागते. तेथे उभ्या असलेल्या एका वृद्ध कोळीणबाईंना मी एकदा विचारले, "मावशी, धक्का फार लांब पडतो का?" त्या म्हणाल्या, "लांब कुठं, फादर? धक्का व्हता तिथंच हाय. रस्ता मधी आला."

या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते सारे मावशींच्या त्या दोन वाक्यांत आले आहे. मुंबईच्या जलवाहतुकीविषयी गेली तीन दशके जे बोलले जाते, बांधले जाते आणि मग विसरले जाते, त्याचे मर्म हेच आहे की आमची बोट पाण्यात कधी बुडालीच नाही. ती बुडाली जमिनीवर. धक्क्यापर्यंत जाणारी पायवाट आम्ही आखली नाही, म्हणून धक्के ओस पडले. आणि ओस पडलेल्या धक्क्यांकडे बोट दाखवून आम्हीच म्हणू लागलो की लोकांना बोट नको आहे.

रोजच्या कामाला जाताना थोडे चालावे, मग बोटीत बसावे आणि पैलतीरी भुयारी रेल्वे धरावी, ही काही स्वप्नातली गोष्ट नव्हे. न्यू यॉर्क शहरातील स्टेटन आयलंडचे रहिवासी ती रोज जगतात. घरून निघून ते धक्क्यावर येतात, पंचवीस मिनिटांत बोटीने मॅनहॅटनला उतरतात आणि धक्क्याला लागूनच असलेल्या स्थानकातून सबवे पकडतात. १९९७ सालापासून त्या बोटीला भाडेच नाही. जगातील धनाढ्य शहरांपैकी एकाने आपल्या कारकुनाला आणि सफाई कामगाराला समुद्र फुकट ओलांडून द्यावा, यात दयाबुद्धी नाही, हिशेब आहे. बोटीतून येणारा प्रत्येक माणूस रस्त्यावरची जागा वाचवतो, हे त्या शहराला उमगले आहे.

'सबवे' या शब्दाचीही गंमत पाहा. न्यू यॉर्कमध्ये सबवे म्हणजे जमिनीखालून धावणारी गाडी. आमच्याकडे सबवे म्हणजे रुळांखालून किंवा रस्त्याखालून माणसाने जिवाच्या करारावर चालत जावयाचे भुयार. नवी मुंबईच्या अनेक स्थानकांत फलाटावर जावयाचे तर असे भुयार ओलांडावे लागते. तिकडे शब्दाने गती मिळवली. इकडे तो पायी चालणाऱ्याला नजरेआड करण्याची सोय होऊन बसला. मोटार वर, उजेडात. माणूस खाली, अंधारात. शब्दांनाही समाजरचना असते, ती अशी.

परंतु आता तोही भेद उरलेला नाही. आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटर लांबीची, सत्तावीस स्थानकांची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुली झाली. तिचे हुतात्मा चौक स्थानक गेटवे ऑफ इंडियापासून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे. तेथून वांद्रे-कुर्ला संकुल सुमारे अर्ध्या तासावर. इकडे सारसोळ्याच्या दक्षिणेस, नेरूळच्या खाडीकिनारी, सिडकोने शंभर कोटींहून अधिक खर्चून जलवाहतुकीचे टर्मिनल उभारले आहे. म्हणजे चालण्यास पाय आहेत, बोटीस धक्का आहे, पैलतीरी भुयारी रेल्वे आहे. साखळीच्या तिन्ही कड्या तयार आहेत. त्या एकमेकींत अडकवण्याचे काम तेवढे कोणाचेच नाही. म्हणून सारसोळ्याचा तरुण वीस-पंचवीस मिनिटे चालत नेरूळ स्थानक गाठतो, हार्बर मार्गाच्या गाडीत स्वतःला कोंबतो आणि खाडीला उत्तरेकडून वळसा घालून सव्वा तासाने मुंबईत घामाघूम होऊन उतरतो. ज्याचे आजोबा वारा पाहून शीड सोडत, त्या नातवाला समुद्र आता वाशीच्या पुलावरून गाडीच्या दारातूनच काय तो दिसतो.

जलवाहतुकीचे प्रयोग झालेच नाहीत असे कोणी म्हणणार नाही. १९९० च्या दशकात नवी मुंबईहून हॉवरक्राफ्ट धावली. तिचे भाडे ऐकूनच सामान्य माणूस किनाऱ्यावर थबकला आणि दशक संपता संपता ती थांबली. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलापूरहून 'वॉटर टॅक्सी' मोठ्या थाटात सुरू झाली. कॅटामरानचे भाडे २९० रुपये, स्पीडबोटीचे त्याच्या कितीतरी पट. महिन्याचा रेल्वे पास ज्याला कसाबसा परवडतो त्याने एका फेरीला २९० रुपये मोजावेत, अशी ज्यांची अपेक्षा होती त्यांनी पगारदार माणसाची पगारपत्रिका कधी पाहिली नसावी. 'टॅक्सी' हे नावच पुरेसे बोलके आहे. ज्यांना आपण बसमध्ये चढवावयास हवे होते, त्यांना आपण टॅक्सी दाखवली. नेरूळच्या टर्मिनलची कथा तर याहून उद्बोधक. बांधकाम उरकल्यानंतरही तेथे कामावर जाणाऱ्यांसाठी रोजची बोट आली नाही; तिच्या आधी 'नेरूळ जेट्टी' हा भव्य फलक आला. २०२४ च्या आरंभी त्या फलकावर आदळून फ्लेमिंगो पक्षी मेले आणि फलक उतरवावा लागला. आमच्या नियोजनाचे याहून नेमके रूपक कोणत्या कवीला सुचले असते?

"पण फादर, बोटीला उतारूच नाहीत," असे मला एका जाणत्या गृहस्थाने ऐकवले. उतारू नाहीत? मढ-मार्वे परिसरातील वाचकांनी यावर मनसोक्त हसावे. मार्वे-मनोरी आणि बोरिवली-गोराई या तरींवर विद्यार्थी, नोकरदार, भाजीवाल्या, दुचाकीस्वार पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करीत आहेत. उरणच्या मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला लाँच भरून जाते. अर्नाळा किल्ल्यातील माणसाला तर होडीवाचून शाळा नाही, बाजार नाही, दवाखाना नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली आणि रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटरचा वळसा घालणारी माणसे चार किलोमीटरहूनही कमी पाणी ओलांडून पलीकडे जाऊ लागली. या ठिकाणी बोट चालते, कारण धक्का वस्तीच्या दारात आहे, भाडे खिशाला सोसते आणि उद्या सकाळी बोट नक्की असेल याची खात्री आहे. जेथे या तीन गोष्टी आहेत तेथे उतारू आहेत. जेथे नाहीत तेथे टर्मिनल आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला उडवून लावणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ठाण्याची खाडी गाळाने भरत चालली आहे. ओहोटीला सारसोळ्याच्या धक्क्यापुढे चिखल उघडा पडतो. तेथे मोठी बोट लागणार नाही, हे मला मान्य आहे. पावसाळ्यात गेटवे-मांडवा वाहतूक बंद ठेवावी लागते, हेही खरे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट सहाशेहून अधिक माणसांसह बुडाली. किनारपट्टीवरील कित्येक घरांत ती आठवण अजून ओली आहे. समुद्राशी थट्टा करू नये हे मच्छीमाराला सांगावे लागत नाही. परंतु भरती-ओहोटी ही काही अचानक कोसळणारी आपत्ती नव्हे. उधाण कधी आणि भांग कधी हे कोळ्याला तिथीवरून कळते. ते वेळापत्रकात मांडता येते. सारसोळ्याला मोठी बोट लागत नसेल तर नेरूळच्या खोल पाण्यात लावा आणि सारसोळ्याहून तेथपर्यंत छोटी बस सोडा. वर्षातून तीन महिने बोट अडत असेल तर नऊ महिने तरी ती चालवा. पावसात रुळांवर पाणी साचते म्हणून आपण रेल्वे मोडीत काढली आहे काय?

तिसरा आक्षेप खारफुटीचा. यात मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे. नवे टोलेजंग धक्के नकोत, खारफुटी तोडून नवे रस्ते नकोत, भरतीचे पाणी अडवणारे भराव तर मुळीच नकोत. जे बांधून ठेवले आहे ते आधी वापरा, एवढेच मागणे आहे. पायी चालणाऱ्याला सहा पदर लागत नाहीत. चार हात रुंद, सावलीची, दिवे असलेली वाट पुरे.

पैसा नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. लांबी २१.८ किलोमीटर, खर्च सतरा हजार कोटींहून अधिक. अभियांत्रिकी म्हणून त्याचे कौतुक मीही करतो. पण त्या सेतूवर पादचाऱ्याला पाऊल ठेवता येत नाही, सायकल नेता येत नाही, दुचाकी चालत नाही, रिक्षा चालत नाही. मोटारीला एका फेरीचे अडीचशे रुपये. नवी मुंबई परिवहनाच्या काही बसगाड्या त्यावरून धावू लागल्या, तेवढाच दिलासा. ज्या समुद्रावरून एकेकाळी टोपलीवाली चार आण्यांत जात असे, तो समुद्र आज मोटारवाल्याच्या मालकीचा झाला. त्या खर्चाचा लहानसा तुकडा जरी पायवाटा, धक्के आणि स्वस्त बोटी यांसाठी काढला असता, तरी या खाडीकाठचे जीवन पालटले असते.

आणि हे गाव मागते आहे ते दान नव्हे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडील शहराची कल्पना मांडली, तेव्हा सार्वजनिक वाहतूक हाच त्या शहराचा कणा मानला होता. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घेण्यात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात, जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात, गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. त्यानंतरच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. शेत गेले, मिठागर गेले, खाडीतील मासळी दूषित पाण्याने रोडावली. ज्यांच्या अंगणावर शहर उभे राहिले त्यांना त्या शहरात निर्धास्तपणे चालताही येऊ नये, हा कोणता न्याय? भूखंडाची टक्केवारी मोजता येते. हरवलेल्या वाटेची टक्केवारी कोण मोजणार?

इच्छा असेल तर मार्ग सापडतो, याचा दाखला शोधण्यास न्यू यॉर्कपर्यंत जाण्याचीही गरज नाही. एप्रिल २०२३ मध्ये कोची येथे वॉटर मेट्रो सुरू झाली. विजेवर चालणाऱ्या बोटी, कोचीच्याच गोदीत बांधलेल्या. आरंभीचे किमान भाडे वीस रुपये. मेट्रो रेल्वेसाठी वापरायचे कार्डच बोटीतही चालते. बेटांवरील माणसाला शहरात आणणे हा तिचा उद्देश, आणि म्हणून ती त्या माणसाच्या दारातून निघते.

आमच्या मागण्या चारच आहेत. सारसोळ्याच्या चौकात पादचाऱ्याला, म्हातारीच्या पावलाने मोजलेला, पुरेसा वेळ मिळावा. नेरूळच्या धक्क्याशी गाव आणि रेल्वे स्थानक यांना जोडणारी पायवाट व बस असावी आणि बसची वेळ बोटीच्या वेळेशी जुळावी. बोट शनिवार-रविवारच्या सहलीसाठी नव्हे, कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ सुटावी. आणि घर सोडल्यापासून कचेरीत पोहोचेपर्यंत, पाण्यावर व जमिनीखाली, एकच तिकीट चालावे, जे रेल्वेचा पास काढणाऱ्याला परवडेल.

याखेरीज एक विनंती. जे अधिकारी यापुढे जलवाहतुकीच्या आराखड्यावर सही करतील, त्यांनी सहीपूर्वी एक दिवस मोटार घरी ठेवावी. सकाळी सात वाजता सारसोळे गावातून हातात डबा घेऊन निघावे, पामबीच मार्ग पायी ओलांडावा आणि धक्क्यापर्यंत चालत जावे. सोबतीला मावशी आहेतच. त्या रोज जातात. रस्ता ओलांडता ओलांडता त्या जे सांगतील, ते कोणत्याही सल्लागाराच्या अहवालात मिळणार नाही. आधी वाट, मग धक्का. हा क्रम त्यांना ठाऊक आहे. शहर वसवणाऱ्यांना तो अजून शिकावयाचा आहे.