कारकुनाची उमेद

सरकारी कचेऱ्यांतील नोकरवर्गाची उमेद वाढावी व त्यांच्यात सांघिक वृत्ती रुजावी, म्हणून शिबिरे भरतात, व्याख्याने होतात, क्वचित सहलीही निघतात. सहलीने कोणाचे वाईट झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही! परंतु सोमवारी तोच कारकून त्याच टेबलाशी येऊन बसतो आणि शेजारची खुर्ची रिकामीच असते.

२०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखल्यांना मुदत घातली, हे योग्यच झाले. पुरेशा कारणावाचून ती चुकल्यास पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. नागरिकाला जाब विचारण्यास एक नाव मिळाले. पण कागद फिरतो तो अनेक हातांतून. तो कोठे व कशामुळे अडला, याचा छडा न लावता वरचा खालच्यावर आणि खालचा शेजारच्यावर ठपका ढकलू लागला, की जो तो आपल्यापुरती टिपणी लिहून मोकळा होतो. अशा कचेरीत सहकारी उरत नाहीत, साक्षीदार उरतात.

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कचेऱ्यांत पाच दिवसांचा आठवडा आला. त्याचे आम्हांस स्वागतच आहे. तथापि रिकाम्या खुर्चीचेही काम ज्याच्या गळ्यात पडले आहे, त्याला शनिवारच्या सुटीने कितीसा धीर येणार?

कोणाकडे दुहेरी टेबल आहे, हे कचेरीच्या प्रमुखाने लेखी नोंदवावे. यास तिजोरीतून एक पैही लागत नाही. आणि मुदत चुकून खुलासा मागितला गेला, तर ती नोंद जोडून त्याखाली पहिली सही त्याने स्वतःची करावी.