लपवलेले व्यसन

जैन घरांत धूम्रपान होत नाही, असा सर्वसाधारण समज आहे आणि उंबरठ्याच्या आतपुरता तो बहुधा खराही असतो. उंबरठ्याबाहेरची गोष्ट निराळी. पेढीवर परगावचा दलाल आला की चहाबरोबर सिगारेटचे पाकीट पुढे होते. भाव ठरेपर्यंत दोन-तीन सहज संपतात. मार्केट यार्डातल्या टपरीवर महिन्याचे खाते असते आणि वहीत ती रक्कम ‘किरकोळ खर्च’ म्हणून पडते. संध्याकाळी दुकान वाढवले की वेलदोडा तोंडात टाकून गृहस्थ घरी जातात. घरच्यांना वास येतोच. कोणी बोलत नाही. या मौनाला मर्यादा म्हणावे की भीड, हे ज्याने त्याने ठरवावे. त्याने व्यसनाची मात्र उत्तम सोय होते.

सप्तव्यसनांच्या यादीत तंबाखूचे नाव नाही, असा युक्तिवाद करणारेही भेटतात. तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर ती हिंदुस्थानात आली आणि मोगल काळात रुजली. जी वस्तू या भूमीत नव्हतीच, तिचा निषेध जुन्या यादीत कसा असणार?

तिचे खरे रूप तर पाश्चात्त्य वैद्यकालाही फार उशिरा कळले. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू झपाट्याने वाढले, तेव्हा रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील रुग्णांची विचारपूस सुरू केली. डॉल यांचा पहिला संशय रस्त्यांवरच्या डांबरावर होता. उत्तरे जमू लागली आणि बोट सिगारेटकडे वळले. डॉल स्वतः ओढत असत. त्यांनी ती सोडली. १९५० साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी दोघांनी ब्रिटनमधील डॉक्टरांनाच त्यांच्या सवयींविषयी पत्रे पाठवली. उत्तर देणाऱ्यांपैकी ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांची नोंद पुढे तब्बल ५० वर्षे ठेवण्यात आली.

२००४ साली तो हिशेब मांडला गेला. आयुष्यभर सिगारेट ओढणारे डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षे आधी गेले. पण त्याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे आणि तीच कमी सांगितली जाते. ज्यांनी साठीच्या सुमारास सोडली त्यांना त्या गेलेल्या वर्षांपैकी सुमारे ३ वर्षे परत मिळाली. पन्नाशीत सोडणाऱ्यांना ६, चाळिशीत ९, आणि तिशीत सोडणाऱ्यांचे नुकसान जवळजवळ पूर्ण भरून निघाले. ‘आता या वयात सोडून काय उपयोग’ असे पंचावन्नाव्या वर्षी म्हणणारे गृहस्थ धंद्यात असा व्यवहार कधीच सोडणार नाहीत.

‘दिवसाला दोनच’ हा दुसरा बचाव. व्यापाऱ्याचे मन साहजिकच असा हिशेब करते की वीस सिगारेटींचा जेवढा धोका, त्याचा विसावा हिस्सा एकीचा. हृदयाच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. दिवसाला एकच ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा भरतो. बिडीलाही सौम्य समजण्याचे कारण नाही. तीत तंबाखू कमी असते, पण तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही. ती विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात.

लपवण्याची किंमत मात्र कुठल्याच वहीत दिसत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर विचारतात, ‘काही व्यसन?’ शेजारी पत्नी किंवा सून उभी असते. उत्तर येते, ‘नाही.’ धूम्रपान करणाऱ्याची जखम उशिरा भरते, भुलीनंतर फुप्फुसांचे त्रास अधिक होतात. डॉक्टरांना ते ठाऊक असते तर त्यांनी काही आठवडे आधी सोडायला लावले असते. दम्यावरच्या थिओफिलीनसारख्या औषधाची मात्रासुद्धा रोगी ओढतो की नाही यावर बदलते. तरुणपणी पायाच्या बोटांना काळेपणा आणणारा बर्जर रोग तर तंबाखू पूर्ण सुटल्याखेरीज थांबतच नाही. तिथे ‘नाही’ या एका शब्दापायी पाय जाऊ शकतो.

आणि धूर ओढणाऱ्यापुरता राहत नाही. जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी स्वतः न ओढणाऱ्या सुमारे ९१ हजार विवाहित स्त्रियांची नोंद वर्षानुवर्षे ठेवली. १९८१ मध्ये त्यांनी दाखवून दिले की पती जितके अधिक ओढणारे, तितके पत्नीला फुप्फुसाचा कर्करोग होण्याचे प्रमाण अधिक. पेढीच्या बंद वातानुकूलित खोलीत दिवसभर बसणारे मुनीमजी आणि शाळा सुटल्यावर गल्ल्यावर बसणारा नातू यांच्याही श्वासात तोच धूर जातो. २ ऑक्टोबर २००८ पासून कामाच्या जागी धूम्रपानाला कायद्याने बंदी आहे आणि तिची जबाबदारी मालकावर आहे. दलालापुढे पाकीट सरकवण्याऐवजी ‘आमच्या पेढीवर चालत नाही’ असे सांगितल्याने आजवर कोणाचा सौदा मोडल्याचे ऐकिवात नाही.

सोडणे अवघड आहे, हे मान्यच करावे लागते. निकोटीन सुटले की चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड सुरू होते. पहिला आठवडा सर्वांत कठीण, आणि दोन-चार आठवड्यांत ते ओसरते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पर्युषणात अठ्ठाई करणारा, एरवी चोरून ओढणारा गृहस्थ आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहतो. निकोटीनविना काढायचे सर्वांत कठीण दिवस त्याने कसलाही गाजावाजा न करता पार केलेले असतात. पारण्याच्या संध्याकाळी तो पुन्हा टपरीकडे वळतो, कारण ते दिवस त्याने काढले आहेत हे घरात कोणाला माहीतच नसते. त्यामुळे नवव्या दिवशी त्याला कोणी अडवत नाही.

म्हणून घरातील एका माणसाला तरी आधी सांगावे; पत्नी, भाऊ, मोठा मुलगा, कोणीही. ऐकणाऱ्याने त्या दिवशी उपदेश करू नये. मग तारीख धरावी आणि डॉक्टरांकडे मोकळेपणाने जावे; तल्लफ कमी करणारी औषधे ते देऊ शकतात. निकोटीनचा च्युइंग गम औषधांच्या दुकानात मिळतो. तो सुपारीसारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावून गालाशी धरून ठेवायचा असतो, आणि त्याआधी पंधरा मिनिटे चहा घ्यायचा नसतो, नाहीतर तो लागू पडत नाही. १८००-११-२३५६ ही सरकारची विनाशुल्क मदतवाहिनी आहे. हा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो.