साध्या गाडीतली खोड

मे २०२५ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय भारतात आणली. शोरूमची किंमत सुमारे ५३ लाख रुपये. कर आणि विमा भरून मुंबईच्या रस्त्यावर उतरेपर्यंत साठ लाखांच्या पार. पहिल्या तुकडीत जेमतेम दीडशे गाड्या होत्या आणि किंमत जाहीर होण्याआधीच त्या आरक्षित झाल्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ही गाडी उभी राहिली, तर शेजारच्या काकांना तिच्यात विशेष काही दिसणार नाही. ‘एवढ्यात मोठी जर्मन सेडान आली असती की,’ असं ते म्हणतील, आणि हिशेबाने त्यांचं चुकणारही नाही.

दीडशे जणांनी पैसे मोजले ते पुढच्या जाळीवरच्या लाल रेघेसाठी आणि तीन अक्षरांसाठी. त्या तीन अक्षरांमागे पन्नास वर्षांची गोष्ट आहे. गंमत अशी की ती श्रीमंतांची गोष्ट नव्हतीच.

१९७३ च्या तेलटंचाईने युरोपला पेट्रोल मोजून वापरायला लावलं. पुढच्याच वर्षी फोक्सवॅगनने बीटलची वारस म्हणून गोल्फ बाजारात आणली. इटलीच्या जॉर्जेत्तो जुजारो यांनी रेखाटलेली, ताठ कडांची, मागचं दार वर उघडणारी ही सरळमार्गी कुटुंबाची गाडी. कंपनीतल्या आल्फोन्स लोव्हेनबर्ग या अभियंत्याच्या डोक्यात मात्र वेगळंच शिजत होतं. याच गाडीत दम भरला तर? वरिष्ठांनी सुरुवातीला मनावर घेतलं नाही, तेव्हा लोव्हेनबर्ग आणि त्यांच्यासारखे काही खटपटे लोक कामाचे तास संपल्यावर हा उद्योग करत राहिले. सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गाडी लोकांनी पाहिली, १९७६ मध्ये विक्री सुरू झाली. कंपनीचा अंदाज पाच हजार गाड्यांचा होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या.

त्या गाडीत होतं तरी काय? ऑडी ८० जीटीईचं १.६ लिटरचं इंजिन, कार्ब्युरेटरच्या जागी बॉशचं फ्युएल इंजेक्शन आणि ११० अश्वशक्ती. आज हा आकडा किरकोळ वाटतो. फोक्सवॅगनचीच चाकणला बनणारी एक लिटर इंजिनाची टायगुनसुद्धा ११५ अश्वशक्ती देते. पण टायगुनचं वजन बाराशे किलोंच्या घरात आहे आणि त्या जीटीआयचं होतं अवघं ८१०. ताशी १८२ किलोमीटरपर्यंत जाणारी ही छोटी गाडी जर्मन महामार्गाच्या डाव्या, वेगवान लेनमध्ये मर्सिडीजच्या आरशात दिसू लागली, तेव्हा बड्या गाडीवाल्यांना बाजूला सरावं लागलं. पगारदार माणसाच्या गाडीने त्यांना बाजूला सारावं, यात जी मजा होती ती अश्वशक्तीत मोजता येत नाही.

आतली सजावटही बेतानेच केलेली. गुनहिल्ड लिल्येक्विस्ट यांनी सीटसाठी स्कॉटिश चौकड्यांचं कापड निवडलं आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फचा चेंडू बसवला. चामडं नाही, लाकडाची पट्टी नाही. पन्नास वर्षांनंतरही जीटीआयच्या सीटवर चौकड्यांचं कापड दिसतं. यशस्वी गोष्टीला हात न लावण्याचं शहाणपण मोटार कंपन्यांमध्ये क्वचितच आढळतं.

‘हॉट हॅच’ची, म्हणजे दमदार इंजिनाच्या हॅचबॅकची, सुरुवात इथूनच झाली का, यावर शौकीन मंडळी तासन्तास भांडू शकतात. इटलीत १९७१ पासून ऑटोबियांकी ए-११२ अबार्थ होती, फ्रान्समध्ये १९७४ ची सिम्का ११०० टीआय होती. त्याही आधी, १९६१ मध्ये, जॉन कूपर यांच्या हातून निघालेली मिनी कूपर होती. पॅडी हॉपकर्क यांनी १९६४ मध्ये मिनी घेऊन माँटे कार्लो रॅली जिंकली. १९६५ आणि १९६७ मध्येही मिनीच पहिली आली. मधल्या १९६६ च्या वर्षी ती पहिली आली खरी, पण हेडलाइट नियमात बसत नाहीत म्हणून बाद ठरवली गेली. त्या निकालाबद्दल इंग्रज अजून कुरकुरतात. पण मिनीला मागचं मोठं दार नव्हतं, आणि हॉट हॅचची खरी खुबी त्या दारातच आहे. सोमवार ते शनिवार ऑफिस, शाळा, मंडई. मागची सीट पाडली की कपाटसुद्धा मावतं. रविवारी पहाटे हीच गाडी घेऊन डोंगराच्या वळणांवर जायचं. दोन गाड्या ठेवण्याची ऐपत नसलेल्यांसाठी ही एकात दोन गाड्यांची सोय होती.

या जातीतली सर्वांत लाडकी गाडी कोणती, असं विचारलं तर निम्मे लोक प्युजो २०५ जीटीआयचं नाव घेतील. १९८४ ची ही फ्रेंच गाडी दिसायला देखणी, साडेआठशे किलोंच्या आसपासची, सुरुवातीला १०५ अश्वशक्तीची, पुढे १.९ लिटरच्या इंजिनाने १३० ची झाली. तिची ख्याती मात्र एका वाकड्या गुणामुळे पसरली. वळणात वेगाने शिरल्यावर चालकाने घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, की वजन पुढच्या चाकांवर येई, मागची चाकं हलकी पडत आणि गाडीचं ढुंगण बाहेर फिरे. ज्याला हे जमलं त्याच्या हाती वळण घेण्याचं जादा हत्यार आलं. ज्याला जमलं नाही तो कुंपणात गेला. आजच्या गाड्यांमध्ये संगणक अशी चूक होऊच देत नाही, आणि ते बरंच आहे. पण चालकाच्या पायाला गाडीने इतकं सरळ उत्तर देण्याचा तो काळ होता. त्याच सुमारास २०५ च्या नावाने, पण इंजिन मध्ये बसवून बनवलेल्या टर्बो १६ ने १९८५ आणि १९८६ ची उत्पादकांची जागतिक रॅली अजिंक्यपदं जिंकली. त्यानंतर लान्सिया डेल्टाने १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं ती दुसऱ्या कोणाला मिळू दिली नाहीत. रविवारी चिखलात जिंकणारी गाडी सोमवारी शोरूममध्ये, त्याच आकारात, उभी असे. याहून चांगली जाहिरात कोण करणार?

मग चोरांनाही ती आवडली.

१९९० च्या आसपास ब्रिटनमध्ये हॉट हॅच पळवून नेण्याची साथच आली. हलकी, वेगवान आणि त्या काळच्या कुलपांमुळे सहज उघडणारी गाडी. ऑक्सफर्डच्या ब्लॅकबर्ड लीज वस्तीत पोरं चोरलेल्या गाड्या घेऊन रात्री रस्त्यावर कसरती करत आणि लोक कडेला उभे राहून बघत. काउलीच्या मोटार कारखान्यातले अनेक कामगार याच वस्तीत राहत. १९९१ मध्ये तिथे पोलिसांशी दंगल झाली आणि १९९२ मध्ये ब्रिटिश संसदेने अशा चोरीसाठी जास्त कडक कायदा केला. पण तरुणांचा शौक मोडला तो कायद्याने नव्हे, विमा कंपन्यांनी. हप्ते इतके वाढले की विशीतल्या माणसाला गाडी परवडली तरी तिचा विमा परवडेना. ज्यांच्यासाठी ही गाडी जन्मली होती, तेच तिच्यापासून तुटले.

इथून पुढे कंपन्यांनी वाट बदलली. ग्राहक वयाने आणि पगाराने मोठा झाला होता, म्हणून गाडीही मोठी झाली. १९९७ च्या होंडा सिव्हिक टाइप आरने १.६ लिटरमधून, टर्बोशिवाय, १८५ अश्वशक्ती काढली तेव्हा जग थक्क झालं होतं. २०१९ मध्ये मर्सिडीजच्या एएमजी ए४५ एसने दोन लिटरमधून ४२१ काढली आणि फारसं कोणी थक्क झालं नाही. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या मार्गावर पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांत कोण सेकंदभर आधी पोचतो, यासाठी रेनो आणि होंडा वर्षानुवर्षं झुंजले. रेनोने तर त्यासाठी मागची सीटच काढून टाकली. हॅचबॅकची मागची सीट काढायची, मग ती हॅचबॅक कशाला? विक्रम झाले, बातम्या छापून आल्या. पण या शर्यतीत गाडीचं मूळ रूप हरवलं, असंच म्हणावं लागेल. टोयोटाने २०२० मध्ये रॅलीसाठी म्हणून घडवलेली जीआर यारिस हा त्यातला सुखद अपवाद, पण तीही सामान्यांच्या खिशाबाहेरची आणि भारतात न मिळणारी.

ही परदेशातली गोष्ट झाली. महाराष्ट्रातही तिचा एक अध्याय घडला, आणि तो विसरला जाऊ नये.

२००१ मध्ये फियाटने कुर्ल्याच्या कारखान्यातून पालिओ बाजारात आणली. तिच्या जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता. १.६ लिटरच्या जीटीएक्सला शंभर अश्वशक्तीचं इंजिन होतं. त्या काळच्या मध्यमवर्गीय हॅचबॅकमध्ये एवढी ताकद कोणी पाहिली नव्हती. पण ‘ॲव्हरेज किती देते?’ या प्रश्नावर पालिओवाला मान खाली घालायचा, आणि आपल्याकडे गाडीचा सौदा त्याच प्रश्नाने सुरू होतो. पुढे फियाट रांजणगावला गेली. तिथे २०१५ मध्ये अबार्थ पुंटो आली: १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, शून्यापासून शंभरचा वेग कंपनीच्या दाव्यानुसार ८.८ सेकंदांत. किंमत दिल्लीत शोरूमची ९ लाख ९५ हजार. पुंटोच्या मूळ आकारावर हात होता जुजारोंचाच. म्हणजे गोल्फच्याच कलाकाराची, पहिल्या जीटीआयच्या तोडीची वेगवान आणि नोकरदाराला कर्ज काढून का होईना परवडणारी गाडी पुण्यापासून तासा-दीड तासावर बनत होती. १९७६ च्या जीटीआयचा भारतातला खरा वारस साठ लाखांची गोल्फ नव्हे, रांजणगावची पुंटो होती.

ती चालली नाही. फियाटचं विक्रीचं आणि सर्व्हिसचं जाळं तोकडं होतं, हे एक कारण. दुसरं कारण दिल्लीत होतं. २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारने लहान गाडीची व्याख्या ठरवली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. अशा गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. हेतू चांगला होता. पण पुंटो चार मीटरच्या आत बसूनही इंजिन १३६८ सीसीचं, म्हणून सवलत नाही. याच नियमाने सेडानच्या डिक्या कापून चार मीटरमध्ये कोंबलेल्या विचित्र गाड्या जन्माला घातल्या. सुझुकीने तर स्विफ्ट स्पोर्ट, म्हणजे हजार किलोंच्या आतली, १.४ लिटर टर्बोची झकास गाडी, जगभर विकली. साधी स्विफ्ट जिथे लाखोंनी खपते त्या भारतात मात्र ती कधीच विकायला आणली नाही.

तरी सगळं खापर करावर फोडता येणार नाही. मारुतीची बलेनो आरएस २०१७ मध्ये एक लिटरच्या टर्बोसह आली, १०२ अश्वशक्तीची. तीन वर्षांत गुंडाळली गेली. टाटाने कोइमतूरच्या जयेम कंपनीबरोबर टियागो जेटीपी केली, २०१८ मध्ये, ११४ अश्वशक्ती आणि किंमत ६ लाख ३९ हजार. जगात इतक्या स्वस्तात एवढी खोडकर गाडी क्वचितच कोणी विकली असेल. २०२० मध्ये तीही संपली. दोन्ही गाड्या करसवलतीत बसत होत्या. चहाच्या टपरीवर त्यांचं कौतुक करणारे खूप होते. पैसे मोजायची वेळ आली की तेच लोक उंच एसयूव्हीकडे वळले. आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून कितीतरी जास्त एसयूव्ही आणि तत्सम उंच गाड्या असतात. अपवाद म्हणायचा तर चाकणच्याच फोक्सवॅगन पोलो जीटीचा. बारा वर्षं चाललेली पोलो २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा मालकांनी घरातलं कोणी गेल्यासारखी हळहळ व्यक्त केली.

आपल्या रस्त्यांवर वेगवान गाडी हवीच कशाला, असा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. अपघातांचे आकडे सगळे वाचतात. पण चांगल्या हॉट हॅचची मजा दीडशेच्या वेगात नसते. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या वळणांवर पन्नास-साठच्या वेगात, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, हलकी आणि बुटकी गाडी जे सुख देते ते दोन टनांच्या एसयूव्हीला दुप्पट वेगातही देता येत नाही. शिवाय अशा गाडीचे ब्रेक आणि पकड नेहमीच्या गाडीपेक्षा सरस असतात. बेदरकार माणूस कोणत्याही गाडीत बेदरकारच असतो.

युरोपात ही जात आता कर्बवायूच्या दंडाखाली दबली आहे. फोर्डची फिएस्टा एसटी २०२३ मध्ये गेली, रेनोची मेगान आरएसही गेली. विजेवरच्या नव्या गाड्यांत ताकदीची कमी नाही. एमजी४ एक्सपॉवर ४३५ अश्वशक्ती देते. कमी आहे ती हलकेपणाची. विजेवरची छोटी अल्पाइन ए२९० सुद्धा जवळजवळ पंधराशे किलोंची आहे. तिथले अभियंते तोडगा काढतील तेव्हा काढतील.

इथे मात्र वाट मोकळी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि त्याबाहेरच्यांवर ४०. छोटं टर्बो इंजिन या चौकटीत आरामात बसतं. ह्युंदाईने २०२१ मध्ये आय२० एन लाइन आणि टाटाने २०२४ मध्ये अल्ट्रोझ रेसर, दोन्ही १२० अश्वशक्तीच्या, आणून तेच दाखवलं. मारुतीकडे तर सगळं सामान घरातच आहे: फ्राँक्समध्ये मिळणारं टर्बो इंजिन, हजार किलोंच्या आतली स्विफ्ट, हाताने बदलायचा गिअर. कडक सस्पेन्शन आणि मागे डिस्क ब्रेक घालून ही गाडी दहा-बारा लाखांत सहज देता येईल. मारुतीने ती द्यावी. आणि आली, तर पालिओच्या आठवणी काढणाऱ्यांनी या वेळी तरी टपरीवर न थांबता शोरूममध्ये जाऊन बुकिंग करावं.